ठसा पुसता येतो, झीज नाही

दिवाळीच्या तोंडावर माझ्या पुतण्याने नवी गाडी घेतली. पहिलीच गाडी, स्वतःच्या कमाईची. घरासमोर आणून उभी केली तेव्हा सगळी गल्ली बघायला आली. सासूबाईंनी ताम्हन सजवले, गाडीला ओवाळले, चाकांखाली लिंबे ठेवली, नारळ फोडला. मग दार उघडून त्या आत वाकल्या आणि ओल्या कुंकवाच्या बोटाने समोरच्या काळ्याभोर डॅशबोर्डवर छानसे स्वस्तिक काढले. वर हळदीचे एक बोट. शेवटी तळहात टेकवून नमस्कार.

पुतण्याच्या तोंडचे पाणीच पळाले.

"आजी, अगं काय केलंस हे! त्याला हात नको लावूस!"

सासूबाईंनी हात मागे घेतला आणि त्या ताम्हन घेऊन आत निघून गेल्या. पुढचे दोन दिवस त्या गाडीकडे फिरकल्या नाहीत. माझे माहेर कानडी. लहानपणी आमच्या घरी कशालाही हात लावला की आई ओरडायची, "मुट्टबेड!" म्हणजे शिवू नकोस. आणि अंगणातल्या लाजाळूच्या झाडाला आम्ही म्हणायचो 'मुट्टिदरे मुनि', शिवले की रुसणारे. मराठीत ते झाड लाजते, कानडीत रुसते. त्या दोन दिवसांत सासूबाईंकडे बघताना मला कानडी नावच जास्त खरे वाटत होते.

स्वस्तिक मात्र तिथेच होते. पुतण्याने बनियनच्या चिंधीने खसाखसा पुसले, तर कुंकू प्लॅस्टिकच्या खरखरीत रेषांमध्ये अधिकच शिरले. साबण लावला तर हळदीचा डाग लाल झाला. (यात नवल नाही. हळदीला खार लागला की ती लाल होते. हळदीचे कुंकू करण्याची जुनी रीत तीच.) मग कुणीतरी सांगितले, थोडे पेट्रोल लाव. तेवढे मी होऊ दिले नाही. त्या संध्याकाळी ते काम मी अंगावर घेतले आणि त्या निमित्ताने या काळ्या, खरखरीत प्लॅस्टिकचा थोडा अभ्यास झाला. तो आधी सांगते, कारण आजकाल असा एक तरी काळा पृष्ठभाग प्रत्येक घरात असतो. टीव्हीचा रिमोट, लॅपटॉप, मिक्सर, प्रवासाची बॅग, स्कूटरचा पुढचा भाग. रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी चढवून रबरबँड लावणारी घरे तर आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत.

बोटाचा ठसा म्हणजे काय? थोडा घाम, थोडे मीठ आणि थोडे तेल. गंमत अशी की तळहाताच्या कातडीत तेलाच्या ग्रंथीच नसतात. बोटावरचे तेल येते ते कपाळावरून, नाकावरून, केसांतून आणि जेवणाच्या ताटातून. आपण दिवसभर नकळत तोंडावरून हात फिरवतो आणि तेच तेल मग रिमोटवर नेऊन ठेवतो. घामातले पाणी उडून जाते, तेल मागे राहते.

खरखरीत प्लॅस्टिकवर बारीक बारीक उंचवटे आणि खळगे असतात. त्यांवर पडणारा प्रकाश चहूकडे विखुरतो, म्हणून ते मंद, धुरकट काळे दिसते. कारखान्यात हा खरखरीतपणा मुद्दाम देतात, कारण त्यात साच्यातले बारीक दोष आणि वापरातले चरे झाकले जातात. पण बोटाचे तेल त्या खळग्यांत भरले की तेवढा भाग गुळगुळीत होतो, प्रकाश विखुरायचा थांबतो आणि तिथे गडद, चमकदार डाग दिसू लागतो. शहाबादी फरशीवर पाणी सांडले की ती काळीशार दिसते, तसेच हे. पांढऱ्या भांड्यावर असाच ठसा असतो, पण दिसत नाही. काळ्या रंगाला लपवाछपवी जमत नाही, एवढेच.

आता मुख्य गोष्ट. काळ्या प्लॅस्टिकवरची चमक दोन प्रकारची असते. एक तेलाची. ती धुऊन जाते. दुसरी झिजेची. संगणकाच्या कीबोर्डवर काही वर्षांनी ठरावीक कळा चकाकू लागतात, स्टिअरिंग जिथे धरतो तिथे गुळगुळीत होते. तिथे तेल नसते, तिथले उंचवटेच घासले गेलेले असतात. ती चमक कुठल्याही साबणाने जात नाही, उलट पुसून पुसून वाढते. म्हणजे ठशाच्या रागाने आपण रोज खसाखसा घासू लागलो तर पुसता येणारा डाग घालवून न पुसता येणारा डाग कायमचा करून ठेवतो.

म्हणून घरातल्यांसाठी चार गोष्टी. आधी कोरडी धूळ मऊ ब्रशने झाडावी, दाढीचा जुना ब्रश त्याला उत्तम. धुळीसकट ओले पुसले की तिचा चिखल होऊन खळग्यांत बसतो. मग मगभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन-तीन थेंब टाकावेत, त्यात मायक्रोफायबरचे फडके बुडवून घट्ट पिळावे आणि दाबून टिपावे. घासू नये. जुन्या धोतराचे किंवा बनियनचे सुती फडके एरवी चांगले, पण काळ्यावर त्याचे धागे राहतात. कुंकू खळग्यांत बसले असेल तर मऊ टूथब्रश हलक्या हाताने गोल फिरवावा. शेवटी नुसत्या पाण्याचे पिळलेले फडके आणि मग कोरडे. रिमोट, लॅपटॉप यांच्या बाबतीत आधी वीज बंद करावी, सेल काढावेत आणि पाणी थेट वस्तूवर न टाकता फडक्यालाच लावावे. हळदीची पिवळी झाक उरली तर घाबरू नये. हळदीचा रंग उन्हात फिका पडतो. आमच्या गाडीतले हळदीचे बोट आठवडाभराच्या उन्हातच ओळखू येईनासे झाले.

काय करू नये तेही सांगते. पेट्रोल, रॉकेल, थिनर, नेलपॉलिश काढायचे द्रव यांतले काहीही लावू नये. अशा द्रवांनी प्लॅस्टिक मऊ पडते, पांढरे होते किंवा तडकते. टूथपेस्टने घासू नये, तिच्यात घासणारी पूड असते. आणि खोबरेल तेल किंवा चकाकी आणणारे पॉलिश चोपडू नये. ठसा म्हणजेच तेल, तर सगळीकडे तेल लावून ठसा लपवणे म्हणजे एका खड्ड्यासाठी अख्खा रस्ता उखडण्यासारखे. शिवाय त्या तेलावर धूळ बसते आणि डॅशबोर्डची चकाकी समोरच्या काचेत पडून डोळ्यांना त्रास देते.

आणि ठसे पडूच नयेत म्हणून? खरे सांगायचे तर त्यावर पक्का उपाय नाही. मोबाइलच्या काचेवर तेल न धरणारा पातळ थर दिलेला असतो, पण तोही वापराने झिजतो. खरखरीत प्लॅस्टिकवर असे काही फार काळ टिकत नाही. खात्रीचा उपाय एकच. हात धुऊन, कोरडे करून वस्तू हाताळणे आणि गाडीत एक हातपुसणे ठेवणे. पूजेच्या वेळी स्वस्तिक नारळावर काढावे किंवा विड्याच्या पानावर काढून पान समोर ठेवावे. देवाला पोचायचे ते तिथूनही पोचते.

हे सगळे मी पुतण्याला समजावले, त्याला पटलेही. पण त्याच्या आजीशी कोण बोलणार, हा प्रश्न राहिलाच. तेवढ्यात सासूबाईंनीच विषय काढला. "मला एकदा उज्जैनला ने. महाकाळाला पुन्हा भेटायचंय." २००१ साली त्या सासऱ्यांबरोबर तिथे गेल्या होत्या. गाभाऱ्यात बसून पिंडीवर स्वतःच्या हाताने दूध घातले होते, तळहात टेकवला होता. सासरे आता नाहीत. त्या स्पर्शाची गोष्ट मात्र आम्ही घरात शंभर वेळा ऐकली आहे.

पुण्याहून नाशिक, धुळे, सेंधवा, इंदूर असा रस्ता धरला. सासूबाई पुढच्या सीटवर. दोन्ही हात मांडीवर घट्ट जुळवलेले. सेंधव्याजवळच्या बिजासन घाटात गाडी वळणे घेऊ लागली तशा त्या एकदा दारावर, एकदा पुतण्यावर कलत होत्या, पण दाराची काळी मूठ काही धरत नव्हत्या. एका वळणावर खांदा दारावर चांगलाच आपटला.

"आई, धरा ना मुठीला," मी मागून म्हटले.

"नको. ठसे पडतात म्हणे."

पुतण्या काही बोलला नाही. मला आरशात त्याचे डोळे तेवढे दिसले.

उज्जैन आपल्याला परके नाही. ग्वाल्हेर ही राजधानी होण्याआधी शिंद्यांची राजधानी उज्जैनच होती. महाकालेश्वराचे आजचे मंदिर उभे राहिले ते अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांच्या काळात, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांच्या पुढाकाराने. बाजारातले गोपाळ मंदिर एकोणिसाव्या शतकात बायजाबाई शिंद्यांनी बांधले आणि बायजाबाई म्हणजे आपल्या कागलच्या घाटग्यांची लेक. हे सांगितल्यावर सासूबाईंचा चेहरा जरा खुलला. "म्हणजे आपल्याकडचीच की!"

पण मला आधीपासून जी धास्ती होती ती खरी ठरणारच होती. महाकाळाच्या गाभाऱ्यात जुलै २०२३ मध्ये सर्वसामान्य भाविकांचा प्रवेश बंद झाला. दर्शन लांबून, कठड्यापलीकडून. स्पर्श नाही. हे मी आदल्या रात्री मुक्कामावर त्यांना सांगितले. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "का गं? आमच्या हातांनी काय होणार देवाला?"

मी जे वाचले होते ते सावकाश सांगितले. पिंडीची झीज होत आहे म्हणून एक भक्त महिला न्यायालयात गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. न्यायालयाने पुरातत्त्व आणि भूगर्भशास्त्र खात्यांच्या तज्ज्ञांकडून पिंडीची तपासणी करून घेतली. त्यातून मंदिर समितीने २०१७ मध्ये काही बंधने मान्य केली. अभिषेकाला शुद्ध केलेले पाणी, तेही माणशी ५०० मिलिलिटर. दूध किंवा पंचामृत माणशी सव्वा लिटरपर्यंतच. भस्मआरतीच्या वेळी पिंड कोरड्या सुती कापडाने पूर्ण झाकायची. साखरेची पूड पिंडीवर चोळायची नाही. संध्याकाळी पाचनंतर पिंड पुसून कोरडी करायची आणि मग पूजाही कोरडीच. मे २०१८ मध्ये न्यायालयाने निकाल दिला. पूजा कशी करावी हे धर्म जाणणाऱ्यांनी ठरवावे, पण पिंडीचे रक्षण झाले पाहिजे, असा त्याचा मथितार्थ. पुढे १ सप्टेंबर २०२० च्या निकालात आणखी स्पष्ट सांगितले की मंदिरातर्फे होणारी परंपरेची पूजा सोडून कुणाही भाविकाने पिंड घासायची, चोळायची नाही. कुणी तसे केले तर सोबतच्या पुजाऱ्याला जबाबदार धरले जाईल. दही, तूप, मध चोळल्यानेही झीज होते, म्हणून भाविकांनी नुसते शुद्ध दूध वाहावे.

"बघा आई," मी म्हटले, "एका हाताने काही होत नाही. पण रोज हजारो हात. प्रत्येकाला वाटतं, आपण थोडीशीच साखर चोळली, थोडंसंच तूप. साखरेचा कण दगडावर कानशीसारखा चालतो. दही आंबट. ओल फटीत राहिली की तिथे जंतू वाढतात. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. सगळ्यांच्या प्रेमानेच पिंड झिजली."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "आपल्या अंबाबाईचंही असंच झालं होतं ना?"

अगदी तसेच. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीची झीज हा जुना, सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. १९५५ मध्ये मूर्तीला वज्रलेप केला गेला. तरी झीज थांबली नाही. पुढे मूळ मूर्तीवरचे अभिषेक बंद करून ते उत्सवमूर्तीवर होऊ लागले आणि २०१५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी मूर्तीचे रासायनिक संवर्धन केले. पंढरपूरची गोष्ट आणखी वेगळी. तिथे पायांवर डोके टेकवणे हेच दर्शन. कानडी दासांपैकी पुरंदरदासांनी आपल्या प्रत्येक पदाखाली ज्या विठ्ठलाचे नाव मुद्रा म्हणून ठेवले, तोच आपल्या वारकऱ्यांचा विठोबा. दोन्ही भाषांची कपाळे त्या एकाच पायांवर टेकत आली. ते पायही झिजले. जून २०२० मध्ये टाळेबंदीत मंदिर बंद असताना पायांना संरक्षक लेप देण्यात आला. २०२४ मध्ये गाभाऱ्याच्या कामासाठी १५ मार्चपासून पदस्पर्श थांबवला आणि २ जूनला तो पुन्हा सुरू झाला. म्हणजे उज्जैनने स्पर्श थांबवला, कोल्हापूरने अभिषेक उत्सवमूर्तीवर नेला, पंढरपूरने स्पर्श राखून दगडालाच कवच दिले. तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता. जे आपल्याला प्रिय आहे त्याला हात किती लावायचा आणि कसा?

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही रांगेत उभे राहिलो. गर्दीतून पुढे सरकत सरकत सासूबाई कठड्यापाशी पोचल्या. दिव्यांच्या उजेडात लांबवर पिंड दिसली. त्यांनी हात पुढे केला, तसाच थोडा वेळ धरला आणि मग स्वतःच्या कपाळाला लावला. मागून लोक पुढे सरकवत होते. जेमतेम अर्धे मिनिट मिळाले असेल.

बाहेर आल्यावर पुतण्याने विचारले, "आजी, वाईट वाटलं का गं? हात लावता नाही आला."

त्या म्हणाल्या, "वाटलं की. तुझ्या आजोबांचा हात होता तिथे. पण कारण कळलं ना. काल तुझ्या काकूने नीट बसवून सांगितलं, म्हणून पटलं. नुसतं 'हात लावू नको' म्हटलं असतं तर मी भांडले असते." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "तू त्या दिवशी नुसतंच ओरडलास."

पुतण्याने तिथेच, चपलांच्या गर्दीत, वाकून त्यांना नमस्कार केला.

मला वाटते, घरातले अर्धे रुसवे या एकाच चुकीतून होतात. आपण वस्तू जपतो आणि ती जपण्याची रीत कुणाला सांगत नाही, नुसते दरडावतो. लहान मुलाला 'मुट्टबेड', म्हाताऱ्या माणसाला 'राहू दे, तुला नाही जमायचं.' मग ते हात मागे घेतात. रिमोट त्यांना लावता येत नाही असे आपण म्हणतो, पण आपणच कधी त्यांना तो नीट हातात दिलेला नसतो. वस्तू नवीकोरी राहते आणि माणूस घरात पाहुण्यासारखा वागू लागतो. काळ्या प्लॅस्टिकवरचा ठसा दोन थेंब साबणाने जातो. माणसाच्या मनावर रोज घासून आलेली चमक मात्र कीबोर्डच्या कळेसारखी असते. ती पुसता येत नाही.

याचा अर्थ कुठेही कसाही हात लावावा असा नाही. महाकाळाची पिंड पुन्हा घडवता येणार नाही, तिथे हात आवरणे हीच पूजा. डॅशबोर्ड पुसता येतो, तिथे आजीचा हात आवरण्याचे कारण नाही. काय पुसता येते आणि काय नाही, एवढा फरक ओळखला तरी पुष्कळ झाले.

परतीच्या वाटेवर बिजासन घाट आला. पहिल्या वळणाआधी पुतण्याने गाडीचा वेग कमी केला आणि म्हणाला, "आजी, ती मूठ घट्ट धर गं." सासूबाईंनी आधी त्याच्याकडे बघितले. मग पदराला हात पुसले आणि मूठ धरली. घाट संपेपर्यंत सोडली नाही.

घरी आल्यावर मी फडके घेऊन गाडी पुसायला गेले. दाराच्या काळ्या मुठीवर त्यांच्या चार बोटांचे ठसे स्पष्ट उमटले होते, खोबरेल तेलाचा वास येत होता. पुतण्या शेजारी उभा होता.

"काकू, ते राहू दे," तो म्हणाला. "रविवारी मी पुसतो."